शौचावाटे जाणारे रक्त आणि आपली हयगय

परसाकडे जाऊन आल्यावर भांड्यात तांबड्या रक्ताचे चार थेंब दिसावेत, क्षणभर काळजात धस्स व्हावे, आणि लागलीच ‘उष्णता वाढली असेल’, ‘काल जेवण तिखट झाले होते’, ‘मूळव्याध असणार, ती तर आमच्या घराण्यातच आहे’ यांपैकी एखादा फैसला स्वतःच देऊन माणसाने ते प्रकरण दप्तरी दाखल करून टाकावे, असा आपल्याकडे जणू रिवाजच पडून गेला आहे. ही गोष्ट चारचौघांत काढण्याची नव्हे, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की घरचा कर्ता पुरुष ती पत्नीच्याही कानावर घालत नाही. आणि स्त्रियांची अवस्था तर याहूनही बिकट, कारण दुखणे अंगावर काढणे हा त्यांच्याकडून अपेक्षिलेला गुणच मानला गेला आहे. आरंभीच हे सांगितले पाहिजे की अशा मंडळींपैकी पुष्कळांचे अनुमान खरे ठरते. थोडे, ताजे, लाल रक्त जाण्याची कारणे बहुधा साधी आणि सहज बरी होणारी असतात. परंतु अनुमानाचे निदान होण्यासाठी कोणीतरी जाणत्याने ती जागा प्रत्यक्ष पाहावी लागते, आणि नेमके ते पाहणे टळावे म्हणूनच ‘मूळव्याध’ हे नाव आपण पुढे करतो, ही माझ्या मते फार चिंतेची बाब आहे.

मूळव्याध ही बाहेरून आलेली वस्तू नव्हे. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ उशा प्रत्येकाच्याच शरीरात जन्मतः असतात, आणि तो मार्ग नीट मिटलेला राहावा यासाठी त्यांचा उपयोगही होतो. वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, शौचास बसल्यावर दीर्घकाळ कुंथण्याची सवय, गर्भारपण अशा कारणांनी या उशा फुगतात, खाली घसरतात, त्यांनाच आपण मोड म्हणतो. कठीण मल त्यांवर घासला की शौचाच्या शेवटी थेंब थेंब, क्वचित पिचकारीसारखे, लालभडक रक्त पडते, आणि बहुधा दुखत मुळीच नाही. गुदद्वाराच्या कडेला पडणारी चीर, जिला हल्ली सर्वजण फिशर म्हणतात, हिची तऱ्हा याच्या अगदी उलट: रक्त अगदी जुजबी, मलावर एखादी रेघ उमटण्याइतकेच, पण शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना आणि नंतर तासन्‌तास आग. त्या वेदनेच्या धास्तीने माणूस शौचास जाणेच लांबवतो, त्यामुळे मल अधिक कठीण होतो, आणि भरू पाहणारी चीर पुन्हा फाटते. वेळीच मल मऊ ठेवला आणि कोमट पाण्यात बसण्याचा नेम धरला तर बहुतेक ताज्या चिरा दीड-दोन महिन्यांत शस्त्राविना भरून येतात.

मोड दुखत नाहीत आणि चीर इतकी दुखते, याचे कारण शरीररचनेत आहे, आणि ते प्रत्येकाने समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. गुदद्वारापासून सुमारे दोन सेंटिमीटर आत एक दंतुर रेषा असते. तिच्या खालचा भाग त्वचेसारखा असून तेथे सुई टोचली तरी कळते. तिच्या वरच्या अस्तराला मात्र कापणे-टोचणे जाणवतच नाही. म्हणूनच आतल्या मोडांना रबराचे कडे चढवून ते सुकवण्याचा उपाय भूल न देताही करता येतो. आणि नेमक्या याच कारणाने मलाशयात वाढू लागलेली गाठदेखील सुरुवातीस दुखत नाही, फक्त अधूनमधून थोडे रक्त देते. ‘दुखत नाही, त्या अर्थी विशेष काही नाही’ हा आपला सर्वांत आवडता दिलासा आहे, आणि त्याला या जागी कसलाही आधार नाही. मोडांचे रूपांतर कर्करोगात होत नाही हे खरे. पण ज्याला मोड आहेत त्याला वर आणखी काही नसेलच, अशी हमी ते मोड देत नाहीत. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या कोंबापासून सुरू होतो आणि त्या कोंबाला कर्करोगाचे रूप येण्यास साधारणतः दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. निसर्गाने दिलेली ही एवढी दीर्घ मुदत आपण संकोचापायी वाया घालवावी, याचे मनस्वी दुःख होते. कारण दुर्बिणीने आतडे पाहता पाहताच तो कोंब तारेच्या फासाने काढून टाकता येतो.

रक्ताच्या रंगावरूनही पुष्कळ उमगते. ते मलात मिसळलेले, गडद आणि शेंबडासारख्या स्रावासह असेल तर उगम वर, आतड्यात, असण्याचा संभव अधिक. आव आणि आतड्याची दीर्घकालीन सूज यांतही असे घडते. मल डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा असेल तर रक्त जठरातून किंवा त्यालगतच्या आतड्यातून येत असावे, आणि तेथे विलंब बिलकूल चालत नाही. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, बीट खाल्ल्याने तांबडा दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत; पण असे रक्त दिसल्याची वर्दी डॉक्टरांना त्वरित द्यावी.

तरुण, धडधाकट माणसाला कठीण मलानंतर एखाद्या वेळी थोडे लाल रक्त दिसले तर त्याने आठवडाभर बद्धकोष्ठाचा इलाज करून पाहण्यास हरकत नाही: पाणी भरपूर, भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये, रात्री इसबगोल. परंतु रक्त पुन्हा दिसले तर अनुमानाचा अधिकार संपला. ज्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग झाला आहे, ज्यांचे वजन अकारण घटते आहे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली आहे, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, किंवा ज्यांचा चेहरा पांढुरका पडून जिना चढताना धाप लागते, त्यांनी तेवढीही वाट पाहू नये. आणि रक्त पुष्कळ जात असेल, गाठी पडत असतील, घेरी येत असेल, तर घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे.

तपासणीची भीती वाटते ती बहुतांशी अज्ञानामुळे. कुशीवर निजवून डॉक्टर हातमोजा घातलेले बोट आत घालून पाहतात, मग एक आखूड नळी घालून उजेडात अस्तर न्याहाळतात. चार-पाच मिनिटांचे हे काम असते, आणि मलाशयातील खालच्या गाठी पुष्कळदा त्या बोटालाच लागतात. चीर फारच ठणकत असेल तर हेच काम वेदना उतरल्यावर किंवा भूल देऊन करतात. ही पद्धत परकी समजण्याचेही कारण नाही. सुश्रुताने अर्शावर, म्हणजेच मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि त्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे, छिद्रे असलेले यंत्रही वर्णिले आहे, त्यातून आत पाहता यावे म्हणून. आधी पाहावे, मग उपचार करावा, हा दंडक त्याने घालून दिला. आणि आज एस. टी. स्थानकांच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ अशा पाट्या रंगवणारे कित्येकजण न पाहता, न तपासता कसली तरी सुई टोचतात किंवा दाहक औषध लावतात, आणि त्यातून गुदमार्ग आक्रसून माणूस कायमचा अधू होतो. पदवीधर डॉक्टरनेही न तपासता नुसते मलम लिहून दिले तर ‘एकदा तपासून पाहा’ असे नम्रपणे पण स्पष्ट सांगण्याचा रोग्याला पूर्ण हक्क आहे. स्त्रियांनी स्त्री डॉक्टरची किंवा सोबतीला परिचारिका असण्याची मागणी निःसंकोच करावी.

शौचावाटे रक्त जाते का, हे घरातील वृद्धांना आपण होऊन विचारा. ते स्वतः सांगणार नाहीत. आणि ज्यांना असे रक्त वरचेवर दिसत आले आहे, पण अद्याप कोणाही डॉक्टरने बोट वा नळी घालून तपासलेले नाही, त्यांनी याच आठवड्यात शल्यचिकित्सकाकडे जावे. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही ही तपासणी होते.