पन्नास सेंटांची लस

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ साली मेंदूच्या आवरणदाहाने सुमारे २५,००० माणसे दगावली, तेव्हा त्यावरील प्रभावी लसीचे शास्त्र अज्ञात नव्हते. परंतु ज्यांची खरेदीची ऐपत नाही अशांसाठी ती बनविण्यास कोणी बडा कारखानदार राजी होईना. २००१ साली गेट्स प्रतिष्ठानने ७ कोटी डॉलर मंजूर केले, आणि खरे शहाणपण (माझ्या मते देणगीपेक्षाही मोलाचे) हे, की आफ्रिकी सरकारांना परवडेल असा, मात्रेस ५० सेंटांहून कमी दर आधी मुक्रर झाला. जंतूच्या शर्करावरणास धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाची जोड देण्याची, अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कृती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आत्मसात केली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. जंतूच्या ज्या ‘अ’ गटावर ही लस होती, त्याचा रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला. इतर गटांचे जंतू मात्र तग धरून राहिले, म्हणून पुण्यातच पुढे पाच गटांवरील लस तयार करावी लागली.