समुद्राकाठचा राजवाडा

आपल्या घरी पाहुणे येतात. दोन-चार दिवस आनंदाने राहतात आणि परत जातात. पाहुण्याला परतीची वाट मोकळी असते. पण कोकणातल्या रत्नागिरी शहरात एक असा पाहुणा आला, की तो ३० वर्षे राहिला. तरी त्याला परत जाता आले नाही. तो होता ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. ब्रह्मदेशालाच आज म्यानमार म्हणतात.

रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या काठावरचे शहर आहे. एखाद्या विश्रामगृहात उतरून दोन दिवसांत ते सहज पाहता येते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी रत्नदुर्ग किल्ल्यावर जावे. या किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे आणि त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. किल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे. जवळच दीपगृह आहे. रात्री समुद्रावरून येणाऱ्या बोटींना ते वाट दाखवते. तटावरून खाली पाहिले, की मिरकरवाडा बंदर दिसते. मासे भरून आलेले मचवे, वाळत घातलेली जाळी आणि कोळी बांधवांची लगबग पाहताना वेळ कसा जातो, ते कळत नाही.

जवळच मांडवीचा किनारा आहे. येथील वाळू काळसर आहे, म्हणून लोक त्याला 'काळा समुद्र' म्हणतात. खाडीचा पूल ओलांडला, की भाट्ये गाव लागते. तेथे लांबच लांब किनारा आणि सुरूचे बन आहे. नारळाच्या झाडांवर संशोधन करणारे केंद्रही तेथेच आहे. मुलांना विशेष आवडेल ते झाडगावचे मत्स्यालय. तेथे रंगीबेरंगी मासे तर आहेतच, पण देवमाशाचा प्रचंड सांगाडाही आहे.

आता थिबा राजवाड्याकडे वळू. हा लाल रंगाचा राजवाडा एका उंच जागी बांधलेला आहे. उतरती छपरे आणि लाकडावरचे सुंदर नक्षीकाम यांमुळे तो नजरेत भरतो. पण हा राजवाडा म्हणजे खरे तर कैदखानाच होता.

१८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले जिंकली. थिबा राजाला त्यांनी प्रथम मद्रासला व नंतर १८८६ साली रत्नागिरीला आणले. त्या काळी येथे रेल्वे नव्हती. लोक बोटीने ये-जा करत आणि पावसाळ्यात बोटीही बंद पडत. अशा ठिकाणाहून राजा परत जाणार तरी कसा? त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १९१० साली पूर्ण झाला. समोर खाडी, पलीकडे अथांग समुद्र. पण राजाला त्या समुद्रापलीकडे जाण्याची परवानगी नव्हती. १९१६ साली येथेच त्याचा मृत्यू झाला. १९१९ साली राणी सुपयालत मायदेशी परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास त्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी आले होते.

याच शहरात लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान स्मारक म्हणून जपले आहे. टिळकांचा जन्म रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी झाला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि कैदेत ठेवले ते कोठे? मंडालेला! थिबाच्या राजधानीत रत्नागिरीचा पुत्र कैदी होता आणि रत्नागिरीत मंडालेचा राजा कैदी होता. टिळकांनी त्या तुरुंगात 'गीतारहस्य' हा ग्रंथ लिहिला. १९१४ साली सुटून ते मायदेशी परतले.

दिल्लीचे शेवटचे बादशाह बहादूरशाह जफर यांना मात्र परतता आले नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना रंगूनला पाठवले. १८६२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या शायर बादशाहाची कबर आजही त्याच शहरात आहे. दिल्लीचा बादशाह ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! माणसाला त्याच्या मातीपासून आणि माणसांपासून दूर नेले, की त्याची शक्ती आपोआप कमी होते, हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

संध्याकाळी राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवर माणसांची गर्दी होते. सूर्य समुद्रात बुडताना पाहून सगळे हसतखेळत घरी परततात. आपल्याला वाटेल तेव्हा आपल्या घरी परतता येणे, हेही एक मोठे स्वातंत्र्य आहे. रत्नागिरीला गेलात, तर थिबाचा राजवाडा अवश्य पाहा आणि समुद्राकडे तोंड असलेल्या त्याच्या खिडक्यांजवळ क्षणभर थांबा.