कलेक्टर नेमका कधी धावला?

चालू प्रोग्रॅम मधेच अडखळला, तर दोष आपल्या कोडचा की मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा? याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनच्या आतच प्रोब म्हणजे नोंदबिंदू ठेवलेले असतात.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस १० मधून २००५ साली असे प्रोब वाचणारं डीट्रेस हे साधन आलं आणि ही पद्धत रुळली. जावाच्या हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीनमध्ये असे प्रोब आहेत, २०१३ च्या रुबी २.० मध्येही आले. रुबीत वापरातल्या ऑब्जेक्टवर खुणा करणं आणि उरलेले झाडून काढणं या दोन टप्प्यांचे प्रोब वेगळे आहेत. ही फार उपयोगी विभागणी, कारण वेळ नेमका कुठे गेला ते त्यातून कळतं.

पायथॉनमध्ये ही सोय २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून आहे. सफाई सुरू होताना ‘जीसी-स्टार्ट’ प्रोब पिढीचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या वयोगटाचा, क्रमांक देतो: ०, १ किंवा २. संपताना ‘जीसी-डन’ किती ऑब्जेक्ट गोळा झाले ते सांगतो. दोन्हींच्या वेळांतला फरक म्हणजे सफाईत गेलेला वेळ. क्रमांक २ वारंवार दिसला तर सावध व्हावं; त्या फेरीत कलेक्टर सगळ्या पिढ्या तपासतो.

कुणी ऐकत नसेल तेव्हा प्रोबच्या जागी प्रोसेसरला ‘काही करू नकोस’ सांगणारी सूचना असते, त्यामुळे भार नगण्य. लिनक्सवर बीपीएफट्रेस हे प्रोब ऐकणारं साधन जोडलं की तिथेच ब्रेकपॉइंट बसतो; प्रोग्रॅम बंद करावा लागत नाही. मात्र पायथॉनचा इंटरप्रिटर बिल्ड करतानाच डीट्रेसचा पर्याय दिलेला हवा.