ताडवृक्ष आणि त्याची लागवड

चैत्र-वैशाखात भिवंडीच्या बाजारात ताडगोळे दिसू लागले की आपण ते डझनाने घरी नेतो. परंतु ताडाचे झाड कोणी मुद्दाम लावल्याचे क्वचितच ऐकू येते. वसई, पालघर, डहाणूच्या किनारपट्टीत गळालेल्या फळांतून ताड आपसूक उगवतात. आपल्या तालुक्यात मात्र मोकळ्या जमिनींवर भराव पडून गोदामे उभी राहत आहेत, तेव्हा बी पडले तरी रुजणार कोठे? म्हणून विहाराच्या कुंपणालगत ताड लावावेत, असे आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडले.

पहिला आक्षेप आला तो पंचशीलाचा. ताड म्हणजे ताडी, आणि ताडीचे झाड विहारात कशाला, असे ज्येष्ठ बांधवांनी विचारले. प्रश्न रास्त होता. ताडी-दारूने मोडलेले संसार आम्हीही पाहिले आहेत. परंतु झाडातून येणारा ताजा रस नुसता गोड असतो. मडक्यातल्या आणि हवेतल्या सूक्ष्म जीवांमुळे तो काही तासांत आंबतो, आणि मग त्याची ताडी होते. शिवाय रस हवा असेल तर माणसाला फुलोऱ्यावर काप द्यावे लागतात. काप दिले नाहीत तर मादी झाडाच्या त्याच फुलोऱ्याला ताडगोळे धरतात. आवारातील झाडाला कधीही मडके बांधायचे नाही, असा ठराव झाला आणि विषय मिटला.

ताडाचा उल्लेख विनयपिटकातही आहे. वाराणसीला भिक्खूंनी ताडाची कोवळी झाडे तोडवून पानांच्या पादुका केल्या, ती झाडे सुकून गेली, लोक नाराज झाले. तेव्हा भगवान बुद्धांनी अशा पादुकांना मनाई केली, असे महावग्गात सांगितले आहे. शेंडा छाटलेल्या ताडाची उपमाही सुत्तांत वारंवार येते. ती अगदी नेमकी आहे. ताडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गेला की झाड गेले. आंब्या-वडासारखी बगलेतून नवी फांदी फुटत नाही.

आता लागवडीकडे वळू. येथे आमची चूक सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी आम्ही इतर रोपांप्रमाणे बिया प्लास्टिकच्या पिशव्यांत रुजत घातल्या. ताडाचे बी रुजते तेव्हा वर काहीच दिसत नाही. बियातून नळीसारखा पांढरा कोंब निघून सरळ खाली, हात-दीड हात खोल जातो, आणि खरे रोप त्याच्या खालच्या टोकाशी तयार होते. वीतभर पिशवीत कोंब तळाशी वाकले, काही पिशवी फोडून जमिनीत शिरले आणि पिशव्या उचलताना तुटले. एकही रोप जगले नाही. तात्पर्य, ताड जेथे वाढवायचा तेथेच बी पुरावे.

बाजारातला ताडगोळा म्हणजे कोवळे बी. तो पेरून उपयोग नाही. पावसाळ्यात पिकून गळालेली काळी फळे आणावीत. एका फळात एक ते तीन बिया असतात. पिवळा गर धुऊन काढावा, पाणी साचणार नाही अशी जागा दोन-तीन फूट खोल खणून माती भुसभुशीत करावी आणि बी तीन-चार इंच खोल पुरावे. दोन झाडांत दहा फुटांचे अंतर ठेवावे. पहिला उन्हाळा पाणी घालावे, पुढे ताड फारसे मागत नाही.

पहिले पान वर यायला काही महिने लागतात, आणि तेही पंख्यासारखे नसते, गवताच्या रुंद पात्यासारखे असते. पुढे कित्येक वर्षे नुसती पानेच, खोड नाही. फळ धरायला बारा ते वीस वर्षे जातात. नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत, म्हणून एक-दोन झाडे लावून भागत नाही. दहा-बारा तरी लावावीत.

दुसऱ्या खेपेला आम्ही बिया थेट कुंपणालगत पुरल्या. आतापर्यंत नऊ पाती वर आली आहेत. प्रत्येकाशेजारी चुना लावलेली काठी रोवली आहे. श्रमदानाला येणाऱ्या बांधवांनी गवत काढताना तेवढे पाहून हात घालावा.