शालेय मंत्रिमंडळ : निवडणुकीनंतर काय?

शाळा सुरू झाल्या की शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका होतात. अर्ज, चिन्हं, प्रचार, बोटाला शाई, हल्ली तर मोबाईलवर मतदान. मुलं खूश असतात, फोटोही छान येतात. पण शपथविधीनंतर काय होतं? स्वच्छतामंत्री वर्ग झाडून घेतो, आरोग्यमंत्री नखं तपासतो, मुख्यमंत्री पाहुण्यांना फूल देतो. कामं सगळी आपणच ठरवलेली. माझ्याकडेही बरीच वर्षं असंच चाललं होतं.

मुलांचा सहभाग का?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानुसार (१९८९) मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला महत्त्व द्यायचं आहे (कलम १२). भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्या शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम २९ सांगतं की मूल भीतीमुक्त असावं आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं. थोडक्यात, हा काही आपण मुलांवर केलेला उपकार नाही.

एका चिठ्ठीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात एक खोकं ठेवलं. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, दर शनिवारी मंत्रिमंडळाने ती वाचायची. पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी निघाली : "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. म्हणून आम्ही शाळेत पाणी पीत नाही."

मी रोज 'पाणी भरपूर प्या' असं शिकवत होते, आणि माझ्याच वर्गातल्या मुली तहानलेल्या बसत होत्या! कडी बसवायला एक दिवस लागला. ते समजायला मात्र मला किती वर्षं लागली, याची लाज वाटली.

दुसरी मागणी होती, 'मधली सुट्टी वाढवा'. मी वेळापत्रक दाखवून 'नाही' म्हटलं, कारणही सांगितलं. पुढच्या शनिवारी मुलं म्हणाली, "बाई, सुट्टी कमी नाहीये. नळ एकच आहे, हात धुण्यातच वेळ जातो." मग त्यांनीच उपाय सुचवला : दोन बादल्या, दोन मग आणि दोन रांगा. तो चालला.

आपण काय करू शकतो?

१. विषयांचे तीन गट करा. काही गोष्टी मुलांनीच ठरवायच्या (खेळ, वर्गसजावट, परिपाठातले कार्यक्रम). काही मिळून ठरवायच्या (वर्गाचे नियम, सहल). काही मोठ्यांनीच ठरवायच्या (सुरक्षितता, परीक्षा), पण त्यांचंही कारण मुलांना सांगायचं.

२. पंधरा दिवसांतून एक बैठक घ्या. इतिवृत्ताची वही मुलांनीच लिहू द्या. चुका असू देत.

३. प्रत्येक मागणीला उत्तर द्या. 'नाही' चालेल, पण गप्प बसू नका. दोनदा उत्तर मिळालं नाही की मूल तिसऱ्यांदा बोलत नाही.

४. हुशार, धीट मुलांनाच पदं जातात. खातं दर सत्राला बदला. चिठ्ठीचं खोकं अबोल मुलांसाठी आहे, ते बंद करू नका.

५. शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी असतात, त्यात किमान एक मुलगी. त्यांना नुसतं बसवून ठेवू नका, मंत्रिमंडळाची वही घेऊन बोलू द्या.

पालकहो, घरी "आज काय शिकवलं?" यासोबत "आज तू काय सुचवलंस?" हेही विचारा.

काहींना वाटतं, याने मुलं डोक्यावर बसतील. माझा अनुभव उलटा आहे. स्वतः ठरवलेली रांग मुलं स्वतःच पाळतात, मला ओरडावं लागत नाही.

यंदा निवडणूक झाली असेल, तर या शनिवारी पहिली बैठक घ्या. खोकं मात्र आजच ठेवा.