गोटूल, कुर्माघर आणि डोंगर : सूरजागड परिसरातल्या वास्तू

मंडळी, मागच्या खेपेला आपण गामलाला जाऊन आलो. गॅलिलीच्या सरोवराजवळ, उंटाच्या वशिंडासारख्या टेकाडावर वसलेलं ज्यू लोकांचं गाव. घरं एकमेकांच्या डोक्यावर चढल्यासारखी. इ. स. ६७ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पाशियनच्या फौजेने ते उद्ध्वस्त केलं. तिथल्या सभागृहात दगडी बाकं चारही भिंतींच्या कडेने होती, मधली जागा मोकळी. म्हणजे बसलेल्यांची तोंडं एकमेकांकडे.

व्याख्यान संपल्यावर एकाने विचारलं, हे सगळं दगडाचं. आपल्याकडच्या माडियांनी दगडाचं काय बांधलं? प्रश्न चांगला आहे. एटापल्ली-भामरागडकडे गेलात तर रस्त्याकडेला उभे दगड दिसतील. ते मेलेल्या माणसांची आठवण म्हणून रोवलेले. जिवंत माणसांसाठी मात्र लाकूड, बांबू, माती. कुडाच्या भिंती, वर गवत नाहीतर कवेलू. शंभर वर्षांनी खणलं तर खांबांचे खड्डे सापडतील, बाकी काही नाही.

पण गोटूल बघा. खांबांवर पेललेलं छप्पर, पुढे मोकळी जागा. बस्तरच्या मुरियांवर लिहिलेलं वाचून आपण गोटूल म्हणजे तरुण पोरापोरींचं झोपायचं घर असं धरून चालतो. गडचिरोलीत ते मुख्यतः गावाचं बसायचं ठिकाण आहे. सभा तिथे, न्यायनिवाडा तिथे, पाहुणा उतरतो तिथे, नाचही तिथेच. गामलातल्या बाकांचं काम इथे जमीन करते.

आता परक्या राज्याचा भाग. परकं राज्य वास्तूत शिरतं ते नेहमी तोफ घेऊनच असं नाही, कधी लाकडाच्या नियमातून शिरतं. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, सागवान सरकारी झालं, आणि तोच कायदा पुढे आपण चालवला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने १९८० च्या दशकात सागाचे खांब लावून गोटूल बांधलं. वनखात्याने ते मोडून लाकूड उचलून नेलं. मग काय झालं? आसपासच्या गावांनी बैठका घेतल्या आणि एकाच्या जागी अनेक गोटुलं उभी केली. खात्याला गप्प बसावं लागलं. त्याच मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांमध्ये. खांबांपासून सुरू झालेलं भांडण जंगलापर्यंत गेलं, बरं का.

सगळंच गोड नाही. गावाच्या कडेला एक झोपडी असते, कुर्माघर. पाळीच्या दिवसांत बाईने तिथे राहायचं. गामलात सभागृहाला लागून पायऱ्यांचं शुद्धिस्नानाचं कुंड होतं. शुद्ध-अशुद्धाची कल्पना तिथेही होतीच. पण ते कुंड वस्तीत होतं आणि पुरुषही त्यात उतरत. कुर्माघर गावाबाहेर, फक्त बाईसाठी. गळकं, अंधारं, सापकिरड्याचं. अलीकडे काही गावांत त्या जागी पक्क्या खोल्या, संडास, वीज असं झालं आहे. चांगली खोली बांधली म्हणजे प्रथाच पक्की केली, असा आक्षेप येतो. तो खरा आहे. तरी प्रथा जाईपर्यंत पावसात भिजायचं कुणी, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं, असं आम्हांला वाटतं.

राहिला डोंगर. सूरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेव आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते, इलाक्यातली गावं येतात. आपल्याला देऊळ म्हटलं की भिंत आणि कळस लागतो; इथे डोंगर हेच देऊळ. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, पण प्रार्थना गावोगावच्या सभागृहांत चालू राहिली. ठाकुरदेवाची जागा अशी दुसरीकडे नेता येत नाही. आणि या डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, २०१६ पासून माल निघू लागला. रोजगाराची गरज खोटी नाही. पोरं कामावर जातात, त्यांच्या घरी पगार येतो. पण जमीन किती गेली हे हेक्टरमध्ये मोजलं, तेव्हा तिथे एक वास्तूही होती हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुढच्या वेळी चांद्याचा परकोट पाहू. तो दगडाचा आहे, त्यामुळे काम सोपं.