1 नोव्हेंबरच्या अलीकडचे आणि पलीकडचे

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत जा. शेजारीशेजारी वर्ग घेणाऱ्या दोन गुरुजींचं म्हातारपण 1 नोव्हेंबर 2005 या तारखेने वेगळं करून ठेवलं आहे. आदल्या दिवशीच्या शासन निर्णयाने ठरलं, की यापुढे नोकरीत येणाऱ्याला 1982च्या नियमांची, निम्म्या पगाराची हमी देणारी जुनी पेन्शन नाही. त्याच्यासाठी परिभाषित अंशदान योजना. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 10 टक्के कपात, तेव्हा तेवढीच सरकारची भर, आणि शेवटी हातात काय पडेल ते बाजाराच्या मर्जीवर.

सुरुवातीला फारशी ओरड झाली नाही. पंचविशीतल्या शिक्षणसेवकाला कायम होण्याचीच चिंता. निवृत्ती कुणाला दिसते? पण पगारातून कापलेल्या पैशांचा हिशेब वर्षानुवर्षं लागेना. त्याहून वाईट म्हणजे सहकारी नोकरीत असतानाच गेला, की त्याच्या घरात कुटुंब निवृत्तिवेतन यायचं बंद झालं. संघटना खऱ्या अर्थाने उभी राहिली ती या घरांमुळे, असं माझं मत आहे. वितेश खांडेकर यांच्या नेतृत्वाखालच्या जुनी पेन्शन हक्क संघटनेमागे 2005नंतर नोकरीत आलेली हीच नवी पिढी होती. 1977-78चा 54 दिवसांचा संप पाहिलेल्या जुन्या कर्मचारी संघटना त्यांना पुढे येऊन मिळाल्या.

डिसेंबर 2022मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर अधिवेशनात सांगितलं, जुनी पेन्शन देणार नाही. 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. महिन्याभरात विधान परिषदेच्या निवडणुका आल्या आणि सरकारचा सूर मवाळ झाला. तरीही बीड जिल्हा ज्यात येतो त्या औरंगाबाद शिक्षक मतदारसंघात राष्ट्रवादीचे विक्रम काळे निवडून आले. नागपुरात तर भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पडले. मोर्च्यांनी झालं नाही ते मतपेटीने केलं.

14 मार्च 2023ला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप सुरू झाला. ऐन परीक्षांचे दिवस. त्यातच मराठवाड्यात अवकाळी आणि गारपीट, पंचनामे करायचे कुणी? लोक चिडले, आणि त्यात वावगं काही नव्हतं. ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजूर कोयते घेऊन बैलगाड्यांनी साखर कारखान्यांकडे निघतात, तिथे पगारदाराने पेन्शन मागितली की ‘आमचं काय?’ हा प्रश्न येणारच. संघटनांनी त्याचं नीट उत्तर कधीच दिलं नाही.

20 मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा होऊन संप मिटला. मग सवलती आल्या, पण तुकड्यातुकड्याने. मार्चअखेर मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन. जानेवारी 2024मध्ये, ज्यांच्या पदांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय. त्यानंतर बाकीच्यांसाठी सुधारित योजना: शेवटच्या पगाराच्या 50 टक्के आणि महागाई भत्ता. प्रत्येक तुकड्याबरोबर मोर्च्यातली एकेक रांग घरी गेली. सरकारने हे ठरवून केलं असो वा नसो, परिणाम तोच झाला.

निम्म्या पगाराची हमी परत मिळवली, ही या लढ्याची खरी कमाई. पण नव्या योजनेत 10 टक्के कपात सुरूच आहे. आणि 2005पूर्वी विनाअनुदानित शाळेत लागून नंतर पूर्ण अनुदानावर आलेल्या शिक्षकांना 1 नोव्हेंबरच्या नेमकं कोणत्या बाजूला धरायचं, यावरचं भांडण या सवलतींनी मिटवलेलं नाही.